एकशे त्रेसष्टावं नाव

जानेवारीतच सुरू होते माझी वही.
सत्तावीस नंबरची बस शाळेच्या फाटकाशी, हीटर घरघरतोय,
पोरं सुटायला वीस मिनिटं,
आणि मांडीवर दोनशे सत्तावन्न रिकाम्या ओळी:
कोणता संघ, कोणता पोरगा, कितवा.

लोक म्हणतात, वँडा, सोड हे ज्योतिष.
ज्योतिष कुठलं? ज्योतिषाला ग्रह तरी जागच्या जागी सापडतात.
इथे ऐन रात्री एक संघ आपली पाळी दुसऱ्याला विकतो
आणि खालचं सगळं सरकतं,
एक वीट काढलेल्या भिंतीसारखं.
एका वर्षी पहिल्या बत्तिसातले अकरा जुळले.
स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या मी,
हळू, रेमंडची झोप मोडू नये म्हणून.

फेब्रुवारीत त्यांना मोजतात.
उंची, वजन, पसरलेले बाहू,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचा पंजा, इंचाच्या आठव्या भागापर्यंत.
नुसत्या चड्डीवर उभी ती पोरं
आणि समोर खुर्च्यांवर माणसं, टिपणं घेणारी.
मला बघवत नाही.
आकडे मात्र मी उतरवून घेते.

यंदा एका नावाशी अडले. लामॉन्टे विकर्स.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
याचे मला बसच्या पायऱ्यांवर दिसले,
सात वर्षांचा, मधली पायरी गाळून चढणारा.
उशीर झाला की बसमागे धावायचा,
आणि मी, खरं सांगते, ब्रेक जरा उशिराच दाबायची.
बघायला, कुठवर येतो.

पण चाळीस यार्डांना चार पॉइंट पाच आठ सेकंद.
कॉर्नरबॅकला हे जड जातं.
कॉलेजही असं, की नाव घेतलं की लोक विचारतात, कुठं आलं ते?
वही प्रामाणिक होती.
वहीत त्याला जागा नव्हती.

मंगळवारी लाँड्रीत शर्लीन भेटली, त्याची आई.
ड्रायरमधून नर्सिंग होमचे गणवेश काढत,
माझ्याकडे न बघता:
"तुझ्या वहीत कितवा गं माझा?"
घोडामैदान दोन दिवसांवर होतं.
"एकशे त्रेसष्ट," मी म्हणाले. "पाचवी फेरी."
तिनं आकडा एकदा पुटपुटला
आणि गरम कपड्यांवर तोंड दाबलं.

घरी येऊन एकशे त्रेसष्टावर खोडरबर फिरवलं.
आयोवाचा एक धिप्पाड गार्ड होता तिथे, बिचारा.
लामॉन्टेचं नाव पेननं लिहिलं.
बाकी सगळी वही पेन्सिलीची.

शनिवारी विकर्सांच्या अंगणात घडीच्या खुर्च्या,
टीव्हीची वायर खिडकीतून बाहेर ओढलेली,
आणि केक, ज्यावर एका संघाच्या नावापुरती जागा कोरी.
एकशे एकसष्ट. एकशे बासष्ट.
शर्लीननं हातातली बशी खाली ठेवली.
एकशे त्रेसष्ट:
आयोवाचा गार्ड.

एवढ्या वर्षांत पाचव्या फेरीतलं
माझं एकही कधी जुळलं नव्हतं.

मग दोनशे. मग दोनशे सत्तावन्न.
लामॉन्टे खुर्च्या मिटायला लागला.
कुणीतरी केक कापला, कारण तो कापायचाच होता.

सोमवारी नदीवरून धुकं चढलेलं.
सहा चाळीसला त्याचा धाकटा भाऊ जोसाया बसमध्ये चढला,
नेहमी मागे बसतो, आज पहिल्याच बाकावर.
"किती जुळले तुमचे?"
"नऊ," म्हणाले.
खरं तर दहा. तो दहावा कुठे मांडायचा
ते मला अजून कळलेलं नाही.

पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेनं
राखाडी टोपीचा अंगरखा घालून कुणी पळत होतं, पाठमोरं.
जोसायानं मान वर केली नाही.
मी ब्रेक वेळेवर दाबला.
आमच्या रस्त्यावर दोन खांबांत साधारण चाळीस यार्ड.
एका खांबापाशी माझे ओठ आपोआप मोजू लागले,
दुसऱ्यापाशी थांबले.

वही घरी होती.
आलेला आकडा अजून तोंडातच आहे.