सोळा आडवा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. रॉशडेलचं हॉस्पिटल,
दुसऱ्या मजल्यावर सहा खुर्च्या, सहा मशीनं.
चार तास आपलं रक्त बाहेर फिरून येतं
आणि आपण काकडत बसतो, खालच्या गाड्या मोजत.
माझ्या शेजारी हेस्टर एंटविसल.
डावा हात मशीनच्या ताब्यात, उजव्यात पेन.
पेन्सिल नाही. चुकलं तर चुकलेलं दिसू दे, म्हणायची.

तीस वर्षं मी लॉरी चालवली.
पाटीवर लीड्स लिहिलं की रस्ता लीड्सलाच जातो,
एवढंच माझं वाचन.
म्हणून पहिल्या दिवशी तिनं विचारलं,
"नवरा बिघडला, झाडावर चढला. तीन अक्षरं?"
तेव्हा मी म्हटलं, कुणाचा नवरा?
ती इतकी हसली की नळी हलली, मशीन किंचाळलं,
आणि नर्स ब्रोना धावत आली.

"नवऱ्याला सोड. तो घरी टीव्ही बघतोय.
बिघडला म्हणजे अक्षरं खिळखिळी कर.
न, व, र, आणि एक सुटा काना.
आता जुळव."

वानर.

आधी फसवल्यासारखं वाटलं.
मग दिवसभर उगाच बरं वाटत राहिलं.

उमेदीत ती छापखान्यात जुळारी होती,
शिशाचे खिळे उलटे वाचत वाढलेली.
म्हणायची, प्रत्येक वाक्यात एक शिवण असते.
अलीकडे सरळ अर्थ, पलीकडे कारागिरी,
आणि वाक्य असं साळसूद उभं
की शिवण जणू नाहीच.
"रचणारा खोटं बोलत नाही रे.
तू काय ऐकशील, तेवढं त्याला ठाऊक असतं."

गरीब मागे वळला, आणि वाहू लागली. दोन अक्षरं.
यावर मी नऊ दिवस घालवले.
डोळ्यांचं पाणी, जखम, गटार, काय काय म्हणून पाहिलं.
ती फक्त मान हलवायची.
मग बस पुलावर थांबलेली, खाली रॉच गढूळ,
आणि मी मोठ्यानं ओरडलो: दीन! उलटा!
पुढच्या सीटवरच्या बाईनं पिशवी जवळ ओढली.

एकदा सगळं भरलं, एक शब्द सोडून.
दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं,
ते आमच्या उत्तराहून वाईट होतं.
हेस्टरनं संपादकाला पत्र लिहिलं. तीन पानी.

नोव्हेंबरातला शनिवार.
तिच्या खुर्चीवर चादर ताठ, नळ्या गुंडाळलेल्या,
बाजूच्या टेबलावर गुरुवारचा पेपर.
भरलेला सगळा. सोळा आडवा मोकळा.
मी ब्रोनाकडे पाहिलं.
मास्कच्या वर तिचे डोळे ओले होते.
"हेस्टर ना? सुटली ती," म्हणाली,
आणि तिकडे कुणाचं तरी मशीन वाजलं म्हणून गेली.

मी पाटी वाचली. लीड्स.
चहा परत पाठवला. बिस्किटंही.
तिसऱ्या तासाला पेपर ओढून घेतला.

आठ जखमांच्या खुणा; मागे उरते ती. चार अक्षरं.

माझ्या दंडावर सुयांनी केलेले डाग,
मोजायला लागलो, आठाच्या पुढे गेले,
पुन्हा पहिल्यापासून मोजले.
आठ. वण.
पेन तिचंच, चादरीच्या घडीत सापडलं.
हात कापत होता. ण चौकटीबाहेर गेला.

सुया काढताना ब्रोना सांगायला लागली:
पहाटे दोनला मँचेस्टरहून फोन आला,
नवऱ्यानं पायजम्यावरच गाडी काढली,
किडनी बसली, चालूही झाली,
आणि आता बाई सगळ्या वॉर्डाला सांगतेय
की मला लघवी झाली.
"तुझ्यासाठी निरोप आहे. सोळा आडवा तुला ठेवलाय."

मी हसलो, मग थांबलो.
त्याच रात्री, मोटारवेवर असेल कुठे, किंवा जिन्यावरून पडून,
नाव कुणी सांगत नाही, सांगणारही नाही,
आणखी एक जण सुटलं होतं.
ब्रोना खोटं बोलली नव्हती.
डोळे कुणासाठी ओले होते, ते मी विचारलं नाही.

पेपर घडी करून खिशात ठेवला.
ण तसाच, रेघेच्या पलीकडे.