कॉसॅक नंबर दोन

हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला
लायल पेट्रिशन येतो माझ्यासोबत.
गुडघे वाजतात, मग तो दिसतो.
कान पैलवानी, चुरगळून मिटलेले,
कपाळावर ब्लेडच्या बारीक रेघा.

एकवीस वर्षं तो हरला.
ठरवून, वेळेवर, रात्रीचे पंचवीस डॉलर,
पेट्रोल ज्याचं त्याचं.
मुखवट्यातला कॉसॅक नंबर दोन.
नंबर एक कोण, कुणी विचारलं नाही.

अकराव्या मिनिटाला पाठ टेकायची
आणि नव्या देखण्या पोराला
आभाळाएवढं होऊ द्यायचं.
"पडणं काय, कुणालाही येतं," चादर ओढता ओढता म्हणाला,
"समोरच्याचं हाड न दुखवता
त्याला आपटायचं, ती विद्या."

खोली चौदा. मिसेस मॅकेंड्रिक, वय ब्याण्णव.
कधीकाळी एका शनिवारी
तिसऱ्या रांगेतून ही बाई धावत आली
आणि टोपीची पिन
खुपसली होती त्याच्या मांडीत.
खूण आहे अजून. मला दाखवली,
जवळजवळ अभिमानानं.
"चेहरा कसा विसरेन?
तिच्याइतकं खरं
मला कुणीच मानलं नाही."

तिला यातलं काही ठाऊक नाही.
पहाटे पाचला ती त्याच्या मानेत हात घालते,
"पाडशील रे मेल्या," म्हणते रोज.
तो तिचा भार छातीवर घेतो,
मोजतो: एक, दोन

आणि दोनावरच उचलतो.
तिनापर्यंत मोजलेलं
त्याला अजून सोसत नाही.