एकशे साठातले तेवीस

कोव्हिल्याच्या चढावर, लोकरीच्या बंद गिरणीमागे,
दोना एर्मेलिंदाचं भरतकामाचं दुकान.
मशीन बारा सुयांचं, अजून धडधाकट.
त्याला हुकूम देणारा संगणक माझ्या मुलाहून थोरला,
आणि मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

जुनी डिस्क ऑक्टोबरात गेली.
जाण्याआधी तीन दिवस टक् टक् करत होती.
"मला वाटलं, भिंतीवरचं घड्याळ," ती म्हणाली.

मी नवी आणली. नवी म्हणजे
एका दवाखान्यानं मोडीत काढलेली.
लेबलावर ठळक: एकशे साठ.
पडद्यावर: एकशे सदतीस.

केबल बदलली. एकशे सदतीस.
डिस्कच्या पाठीवरची इवलीशी टोपी
चिमट्यानं एका दातावरून दुसऱ्यावर बसवली.
एकशे सदतीस.
बोर्ड बनवणारी कंपनी शोधली,
ती बुडून अकरा वर्षं झालेली.
शेवटी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढला,
एक कॉफी होईतो थांबलो, परत बसवला.
संगणक उजाडला तो थेट एक जानेवारी ऐंशीला.
आणि डिस्क? पहिले पाढे पंचावन्न.

तारखेकडे बघत ती म्हणाली,
"ऐंशीत माझी कंबर एकसष्ट होती."
गळ्यातली मोजपट्टी तिनं उगाच सरळ केली.

मग माझ्या लक्षात आलं. हा बोटांवर मोजतो.
अठ्ठावीस बोटं,
प्रत्येक एक तर मिटलेलं, नाहीतर उघडं.
सगळी उघडली की जग संपलं.
पुढे घरं आहेत, दारं आहेत,
पण दाखवायला बोट नाही.

आणि तरी पुढे ढकललंच तर?
तो थांबत नाही, हेच वाईट.
सगळी बोटं मिटतो, पहिल्या घरावर येतो
आणि तिथे जे असेल त्यावर,
फ्लॉपीतून कसाबसा वाचवलेल्या पहिल्या नमुन्यावर,
निमूट नवं लिहीत सुटतो.
ओरडत नाही. कळतं ते महिन्यांनी,
कुणीतरी जुनं काही मागायला आल्यावर.

म्हणून मी एक रेघ मारली,
काठाच्या जरा अलीकडे.
ह्याच्यापुढे पाऊल नाही.

"आणि ते तेवीस?" तिनं विचारलं.
"पैसे मी एकशे साठाचे दिलेत."
"आहेत. आतच आहेत."
"पण मिळणार नाहीत."
"हा संगणक असेपर्यंत, नाही."

मला वाटलं, आता बोलणी बसणार.
ती उठली, खुंटीवरचा एक कोट काढला,
मापानं लहान, गडद निळा,
आणि त्याची खालची दुमड उलटून
माझ्यापुढे धरली.
आत चार बोटं माया.
कापड तिथे अजून निळं होतं,
बाहेरच्यासारखं विटलेलं नव्हतं.

"सिल्व्हिनाचा. तेरा वर्षांची होती.
वाढेल म्हणून ठेवली."
मग कोट परत खुंटीला लावत,
"वाढली. लक्झेंबर्गात."

मी स्क्रू मोजत बसलो. सहा होते, पाच सापडले.

नऊच्या सुमारास मशीन चाललं.
तीनच सुया, लाल, पिवळी, पुन्हा लाल:
अग्निशमन दलाच्या चाळीस बिल्ल्यांतला पहिला.
ती वाकून उलटी बाजू बघत होती,
सुलटी तिनं पाहिलीही नाही.

पेटीचं झाकण लावणार, तर म्हणाली, थांब.
शिंप्याच्या खडूनं आतल्या पत्र्यावर
तिरक्या अक्षरांत लिहिलं:
इथे अजून आहे.
कुणासाठी, ते लिहिलं नाही.

मजुरी दिली. वर मेंढीच्या चीजचा अर्धा गड्डा,
वर्तमानपत्रात बांधलेला.

उतारावर, अर्ध्या वाटेत, आठवलं:
तारीख दुरुस्त करायची राहिली.
वर त्या दुकानात अजून
जानेवारी ऐंशी चालू असेल.
बिल्ले होत असतील.
मागे वळलो नाही,
तसाही तो चढ फार उभा आहे.