भराव

नगररचना खात्यात मी एकतीस वर्षं आरेखक होतो.
राहत्या जागेला पिवळा, पाण्याला निळा.
ठाण्यातली सात तळी मी पिवळी केली.
निळा ब्लेडने खरवडायचा, हलक्या हाताने,
ट्रेसिंग फाटू द्यायचा नाही.
एवढंच कसब.

निवृत्तीनंतर भाटतळ्यावरच फ्लॅट घेतला, स्वस्त पडला.
इमारतीचं नाव लेक व्ह्यू.

पार्किंगच्या दुसऱ्या तळघरात, खांब क्रमांक चौदापाशी
बारा महिने ओल.
एका रात्री तिथे किल्ली पडली, वाकलो,
तर फरशीतून कुणीतरी ती वर धरली.
बोटं अर्धीच, पण पकड घट्ट.
"पायऱ्या उलट्या आहेत," आवाज म्हणाला,
"डोकं आधी घाल."

तळी मेली नव्हती.
खाली सरकली होती,
घाटासकट, शेवाळासकट,
गणपतींच्या न विरघळलेल्या हातांसकट,
आणि चिखलातल्या वाटांनी एकमेकींना भेटली होती.
वर असती तर जन्मात भेटली नसती:
मधे राबोडी, मधे हायवे.

वेशीवर चांगुणा भोईर बसते.
गावकीने तिला वाळीत टाकलं तेव्हा
विहीर बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद.
आता ती येणाऱ्याकडून एकच जकात घेते:
तुला हाकललं तेव्हाचं शेवटचं वाक्य.
ते चुलीत सारते.
बाभळीपेक्षा बरं जळतं, म्हणते.
अख्ख्या नगराचा भात त्यावर शिजतो.

होडी बास्त्याव परेराची.
वागळे इस्टेटीतल्या प्रेसने त्याची बोटं नेली,
बाकीचं मालकाने.
बेंडू मुकणे संध्याकाळी मरळांच्या पाठीवर उजेड लावत फिरतो
(संध्याकाळ कधी झाली ते तोच ठरवतो).
निवाडा शबनूर करते.
एक टाळी वाजली की ऐकून घ्यायचं,
दुसरी वाजली की माफ.
तिसरी अजून कुणी ऐकलेली नाही.

कायदा म्हणाल तर, इथून कुणाला काढता येत नाही.
त्यांच्या बोलीत 'बाहेर'ला शब्दच नाही.
मी तो उच्चारला तर पोरं खिदळली,
त्यांना वाटलं, म्हातारा शिंकला.

"तुझं वाक्य?"
मी बराच वेळ चाचपत राहिलो.
मला कुणी हाकललं नव्हतं गं.
मी त्या बाजूला होतो, पगारावर.
"मग तू लिहिलेलं दे."

सदर जागी जलस्रोत आढळून येत नाही.
खाली माझी सही.
सात वेळा.

त्या रात्री चूल पहाटेपर्यंत विझली नाही.
सगळे पोटभर जेवले. मलाही वाढलं.

निघताना म्हटलं, नकाशा काढून देतो,
हात अजून स्थिर आहे, निळा रंग घरी पडून आहे.
शबनूरने टाळी वाजवली.
मी ऐकून घेतलं.
"नकाशा आला की मागून डंपर येतो, दादा."
दुसरी टाळी तिने वाजवली नाही.

सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक चार:
खांब चौदाची ओल.
वॉटरप्रूफिंगवाला तीन लाख चाळीस हजार सांगतो.
सेक्रेटरी माझ्याकडे वळतात:
तुम्ही खात्यातले, तुम्हाला ठाऊक असणार,
खाली आहे तरी काय?

काही नाही, मी म्हणतो. भराव आहे.
जुनीच सवय,
पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली.

रात्री तळघरात उतरतो, पुसलेली गाडी पुन्हा पुसतो.
मुद्दाम किल्ली पाडतो.
अजून तरी
ती मलाच उचलावी लागते.