वॉर्ड बावीस, रात्रीचे दोन

कूलर कुईकुई करतोय,
मेडिकलच्या भिंतींतून मे महिना उतरत नाही.
कवडूजींचा ताप एकशे तीन.

ट्रेमध्ये पांढरी पूड, सीलबंद.
दोन औषधं एका बाटलीत :
एक जंतूंना गाठतं,
दुसरं त्यांचे हात धरून ठेवतं.
सलाइनमधून अर्धा तास, थेंब थेंब.
घाई चालत नाही.

कागदावर 'नाही' लिहिलेलंच आहे,
तरी विचारते :
सुईनं कधी अंगावर गांधी उठल्या?

"नाही बाप्पा."

स्टुलावरून बायको, अर्धवट झोपेत :
"काहून नाही? उमरेडले.
ओठ सुजले होते, मी नाही का पाह्यलं?"

लाल शाईनं 'नाही' खोडते.
सील तसंच.
बाटली मुठीत घेऊन
डॉक्टरांना उठवायला निघते,
जवळजवळ धावतच.