साडेबारा टक्क्यांबाहेरच्या

आमची पहिली वंशावळ सिडकोने मागितली,
वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर.
वर जोमा, खाली तीन मुलगे, त्यांच्याखाली नातू:
अख्खं करावे गाव
मिशीवाल्यांनीच जन्माला घातल्यासारखं.
बायकांचे अंगठे होते, मागच्या पानावर,
हक्कसोडीच्या मजकुराखाली,
निळे, जरा पसरलेले.

मी अंगठ्यांपासून सुरुवात केली.
बँकेतून सुटले की तळ्याकाठी
म्हाताऱ्यांना चहा पाजायचे, विचारायचे.
जन्मतारखा कुणाकडेच नव्हत्या.
बांध फुटून मिठागरात पाणी शिरलं त्या साली हिराजी,
त्याआधीच्या शिमग्याला चांगुणा,
आणि चांगुणाच्या पाठची एक,
जिचं नाव कोणी धड सांगेना.
'गेली ती,' म्हणाले.
मेली की निघून गेली, विचारलं
तर चहा गार झाला म्हणाले.

तिच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं
आणि सगळं झाड नेटवर ठेवलं,
कुलूप न लावता.

दुसऱ्या सकाळी काथोडकाका दारात, चपला न काढता.
'घरातला घरान ऱ्हाव दे, बाय.
उद्या कोन हिस्सा मांगाला आला तं?'
कसला हिस्सा, काका?
प्लॉट तुम्ही सत्त्याण्णव साली विकलात.
त्यावर सोळा मजले आहेत
आणि वॉचमन आपल्याला वहीत सही करायला लावतो.
हे मी बोलले नाही. पाणी दिलं.
त्यांनी घेतलं नाही.

अकरा महिने काही नाही.
कुणीतरी फक्त मढवीतला 'ढ' सुधारून गेलं.

मग ठाण्याहून, राबोडीतून, चार ओळी:
'तुमचं प्रश्नचिन्ह माझ्या आईची आई आहे.
नाव बामी. नंतर हमीदा.
डाव्या हाताला सहा बोटं. माझ्या मुलालाही आहेत.
रुबिना.'
सोबत रेशनकार्डावरचा फोटो,
अर्धा चेहरा शिक्क्याखाली.

मी प्रश्नचिन्ह खोडलं. दोन्ही नावं लिहिली.

रात्री काकांचा फोन.
वाटलं, आता ऐकावं लागणार.
'डाव्या हाताला?' त्यांनी विचारलं.
हो.
'बामी नाय. आमी बायमाच बोलाचो.
भाकर थापाची तं
सावं बोट मधीच उठून दिसाचा.'

हेही लिहू का, काका?

फोन चालूच होता.
पलीकडे त्यांच्या टीव्हीवर
कुणीतरी भावाचे आकडे वाचत होतं,
सोन्याचे बहुतेक.