लाईन गेली तेव्हा

पट्टा सुरू झाला की काही ऐकू येत नाही.
म्हणूनच येतात त्या माझ्या गिरणीवर,
डोक्यावर ज्वारीचा डबा,
पोटात रात्रीचं सपन.

वाईट सपन आधी वाहत्या पाण्याले सांगावं, म्हणतात.
पण अडाण मार्चातच आटते,
उरतात गोटे, गोट्यांवर वाळलेलं शेवाळ.
त्यापेक्षा गिरणी बरी.
तीही वाहतेच की. पांढरी.

मी पिठाच्या तोंडाशी पिशवी धरून बसलेला,
त्या कानाशी वाकून ओठ हलवतात.
सुभद्रा ढोके दोन बोटांनी दात धरून दाखवते: हा पडला.
एवढं मला कळतं. घरातलं कोणीतरी जाणार.
निर्मला आत्राम डोक्यावर हातांची शिंगं करते.
काळी म्हैस. दक्षिणेकडून आलेली.
कोणाला पाण्यानं भरलेली चूल दिसली,
कोणाला स्वतःचंच लग्न, आणि मांडवात कोणी नाही,
कोणाला साप; पण साप चांगला,
एखादं नारळ राहिलं असेल कुठल्या देवाचं.
मी मान हलवतो.
किलोमागं पाच रुपये दळणाचे,
मान फुकट.

वर-खाली हलली तर शुभ, आडवी हलली तर अशुभ,
हे त्यांनीच ठरवलेलं.
मी तर कधी कधी डोळ्यांत गेलेलं पीठ झटकत असतो.
एकदा असंच झटकलं
आणि गोदावरी बोबडेनं पोराची सोयरीक मोडली.
तेव्हापासून पीठ गेलं तरी
मान वर-खालीच.

त्या मंगळवारी सहा डबे रांगेत.
पारबता इंगोले तिसरी.
तिचा डबा मला पाठ आहे. झाकणाला पोचा.
पोचा कशानं आला ते गाव जाणतं,
विचारत कोणी नाही.
ती वाकली. ओठ हलले.
एवढ्या आवाजात बुडून बोलायचं तर
ओरडूनच बोलत असावी,
आणि तेवढ्यात लाईन गेली.

पट्टा एकदम थांबत नाही.
सैल होतो, दोन-चार वळसे उगाच घेतो,
मग दगड मुके होतात.
त्या मुकेपणात तिचं अर्धं वाक्य उभं राहिलं,
न्हाणीचा पडदा गळून पडावा तसं:
"...तिरडीवर होता, अन् मले लय हलकं वाटलं."

हवेतलं पीठ खाली बसत होतं.
तेवढंच हलत होतं.
मग म्हातारी यमुना, जिला एरवी ढोलही ऐकू येत नाही,
तिलाच हे नेमकं ऐकू आलं.
"भेऊ नोको व पोरी," ती म्हणाली,
"सपनात मेला
म्हंजे आयुष्य वाढलं त्याचं."
हो, हो, वाढते, बाकीच्या म्हणाल्या.
माह्या मामाचं पाहाना, अकरा वर्सं वाढलं.

पारबतानं झाकण उचललं.
पोच्यावर अंगठा ठेवला. तिथं तो बरोबर बसतो.
"किती वाढते?" तिनं विचारलं.
हे मात्र यमुनेला ऐकू गेलं नाही.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पापण्यांवर पीठ होतं,
तेही झटकता येईना.

लाईन चाळीस मिनिटांनी आली.
त्याआधी दगडांत अडकलेली तिची ज्वारी
हातानं काढावी लागली,
अर्धी पीठ, अर्धी दाणा.
कागदात बांधून दिली. तिनं नेली.
काय केलं असेल तिचं, भाकर तर होत नाही.

आता ती बुधवारी येते, दुपारची, रांग नसताना.
पट्टा सुरू असतो आणि ओठ मिटलेले.
परवा मीच वाकलो तिच्या कानाशी,
सांगितलं मला काय दिसलं ते:
दात नाही, म्हैस नाही, साप नाही,
नुसतं एक झाकण. गोल. सपाट.

तिला ऐकू आलं नसणार.
पण मान हलली, वर-खाली.
नाहीतर डोळ्यांत
पीठ गेलं असेल.